बोलीचे आकलन (सोलापूर परिसर)

कानावर पडणाऱ्या सलग आवाजातून शब्द सुटे करून त्यांचा अर्थ लावण्याची क्रिया. लिहिताना दोन शब्दांत जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. सोलापुरात कुणी 'काय करायलास?' म्हणून विचारले, तर 'काय' नेमका कुठे संपला हे आवाज सांगत नाही. ती फोड ऐकणाऱ्याचा कान करतो. परकी भाषा फार भरभर बोलल्यासारखी वाटते, ती कानाला फोड जमत नाही म्हणून.

हे काम तान्हेपणीच सुरू होते. कोणती अक्षरे वारंवार एकापाठोपाठ येतात, एवढ्यावरून आठ महिन्यांची बाळे निरर्थक शब्दसुद्धा वेगळे ओळखतात, आणि तेही दोन मिनिटे ऐकून, हे १९९६ मधल्या एका प्रयोगात दिसले. जे कानावर पडत नाही त्याची पारख मात्र मंदावते. इंग्रजी घरांतल्या बाळांना सहा-आठ महिन्यांचे असताना हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ऐकू येत. वर्षाच्या आसपास तो फरक बहुतेकांच्या कानातून निसटे (१९८४ मधला प्रयोग). मराठीत 'जग' (विश्व) आणि 'जग' (जिवंत राहा) यांतला 'ज' एकाच अक्षराने लिहितात, उच्चार मात्र वेगळे. तो भेद मूल कानानेच शिकते.

सोलापुरात मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि दखनी (दख्खनची उर्दू) रोजच्या वापरात आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू चालते, अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड. रांगत्या मुलाला कुणी 'ये' म्हणते, तर त्याच अर्थाने कुणी तेलुगूत 'रा', कुणी कन्नडमध्ये 'बा', कुणी दखनीत 'आ'. चारही हाका एकेका अक्षराच्या, आणि पुढे पसरलेले हात सगळ्यांचे सारखे. त्या हातांवरून मूल अर्थ पकडते आणि कोणती हाक कुणाची, हे चेहऱ्यासकट ध्यानात ठेवते. पुढे कळते की खेड्यातल्या मराठी घरात 'बा' म्हणजे बाप, आणि तेलुगूतला 'काय' हा प्रश्न नसून कच्चे फळ.

समज आधी येते, बोलणे मागून; कधी येतही नाही. 'तेलुगू समजतं, बोलता येत नाही' असे सांगणारे मराठी भाषक शहरात पुष्कळ. ही अर्धवट भाषा नव्हे, आकलन पुरते झालेले असू शकते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत पहिले काही महिने गप्प बसते, त्याला 'मठ्ठ' म्हणणे हा अन्याय आहे. त्याला किती कळते हे पाहायचे तर बोलते करण्याची घाई नको. बाईंनी नुसते 'दप्तर भर' म्हणावे आणि शेजारच्या मुलाकडे न बघता ते दप्तर भरते का, हे पाहावे.