घडी न मोडलेली चादर

सोलापुरात चादर घ्यायला आलेला जाणता गिऱ्हाईक नुसती नक्षी बघून भुलत नाही. तो घडी मोडतो, चादर उलटी करतो, काठ चिमटीत धरून वीण जोखतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरलाय’ म्हणून फोन करणाऱ्या भामट्यांतले काही जण आता असेच सावध झालेत. समोरच्याच्या संगणकाचा दुरून ताबा मिळाला, की तो संगणक खरा आहे की आपल्यालाच अडकवायला मांडलाय, हे ते आधी तपासतात.

असा मांडलेला संगणक म्हणजे आभासी यंत्र, व्हर्च्युअल मशीन. आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांसाठी ही सोय बाजारात आणली होती. खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकाचं सोंग उभं करतं. त्याची हार्ड डिस्क म्हणजे मुळात एक मोठी फाइल. भामट्याने आत कितीही नासधूस केली तरी आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे यंत्राच्या जतन केलेल्या स्थितीवर, परतलं की यंत्र पुन्हा जसंच्या तसं. तो मात्र तासभर गुंतून पडतो आणि तेवढा वेळ त्याचा फोन कुठल्या खऱ्या आजोबांना जात नाही.

पण सोंगालाही उलटी बाजू असते. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या विंडोजला ‘सिस्टमइन्फो’ ही संगणकाची माहिती सांगणारी आज्ञा दिली, तर ते भोळेपणाने निर्माता ‘इनोटेक’ आणि मॉडेल ‘व्हर्च्युअलबॉक्स’ असं सांगून टाकतं. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, ०८:००:२७ ने सुरू होतो, आयपी पत्ता बहुधा १०.०.२.१५ निघतो. ही नावं आणि पत्ते बदलता येतात. अवघड आहे ते प्रोसेसरचं. ‘सीपीयूआयडी’ ही प्रोसेसरला त्याची ओळख विचारणारी सूचना दिली की उत्तरातला एक बिट ‘खाली हायपरव्हायझर, म्हणजे आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर, आहे’ अशी चुगली करतो. तो बिट झाकला तरी वेळ लपत नाही. खऱ्या यंत्रावर ही सूचना शंभर-दोनशे चक्रांत, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत, उरकते. आभासी यंत्रात ती दर वेळी हायपरव्हायझरकडे जाऊन येते आणि आकडा हजारांत जातो. गंमत अशी, की विंडोज ११ च्या कित्येक खऱ्या संगणकांवरही सुरक्षेसाठी हायपरव्हायझर चालू असतो, त्यामुळे नुसत्या त्या बिटावरून आता काहीच सिद्ध होत नाही. आणि फोनवरचा भामटा चक्रं मोजत बसत नाही. ते काम व्हायरस लिहिणाऱ्यांचं.

नव्या पेठेजवळ संगणक दुरुस्त करणाऱ्या माझ्या मित्राने ही सगळी वीण नीट बसवली. भामटा आला, दोन मिनिटं माउस फिरवला, “ये तो खाली मकान है” म्हणाला आणि फोन ठेवला. डेस्कटॉपवर फक्त रिसायकल बिन होता, तोही रिकामा. ब्राउझरला इतिहास नाही, सगळ्या फाइली एकाच दिवशीच्या. घडीसुद्धा न मोडलेली चादर!

वापराच्या सुरकुत्या विकत मिळत नाहीत. मग मित्राने महिनाभर रोज संध्याकाळी ते यंत्र खरोखरच वापरलं. पंचांग शोधलं, रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं, एकच फाइल तीनदा डाउनलोड केली, प्रिंटरचा बिघाड तसाच ठेवला. खऱ्या बँकेचं, खऱ्या माणसाचं मात्र काही ठेवलं नाही. सामायिक फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद केले. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमधून, म्हणजे मूळ संगणकाच्याच जोडणीतून नेट देणाऱ्या सोयीतून, घरातल्या इतर यंत्रांपर्यंत पोचता येतं, म्हणून जोडणीही वेगळी घेतली. उलट भामट्याच्या संगणकात शिरायचा मोह त्याने टाळला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तो आपलाच गुन्हा ठरतो, ३ वर्षांपर्यंत कैदेचा. हाती लागलेले खाते क्रमांक सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर कळवायचे, एवढंच त्याने ठरवलं होतं.

दुसरा भामटा पावणेदोन तास थांबला. त्यातली वीस मिनिटं तो सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळण्यांचे फोटो बघत होता.