सीटीमधे ‘ॲड्रिनलची गाठ’ लिहून आलीये? मग हाडांचंही विचारून घ्या

आमच्या लॅबला हल्ली ‘रात्री गोळी घेऊन सकाळी कॉर्टिसॉल’ अशी चिठ्ठी घेऊन बरेच जण येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ मुतखड्यासाठी सीटी काढला होता, हे मधेच काय निघालं? म्हणून हा कागद.

दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी ग्रंथी असते, तिला ॲड्रिनल म्हणतात. तिच्यात गाठ दिसली म्हणजे लगेच कॅन्सर नाही, बहुतेक गाठी साध्या असतात आणि काही करतही नाहीत. पण काही गाठी गुपचूप कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड हार्मोन, बनवत राहतात, शरीराला पाहिजे असो की नसो.

आता याचा हाडांशी काय संबंध? हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरतं, आपल्याकडे धाब्याच्या घरावर दरसाल पावसाळ्याआधी खारी माती टाकतात तसंच समजा. कॉर्टिसॉल जास्त झालं की भरणाऱ्या पेशी कमी पडतात, झीज मात्र चालूच, वरून आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट घेत नाही आणि लघवीतून ते जास्त जातं. सगळ्यात आधी फटका बसतो मणक्यांना, कारण त्यांच्या आतलं हाड जाळीदार असतं. मणका दबला तरी कधी दुखतं कधी नाहीच दुखत, आणि दुखलं तरी कापूस वेचून, केळीचे घड उचलून कंबर धरली असंच सगळे म्हणतात. उंची कमी झाली, पोक आलं, उकिडवं बसल्यावर हाताचा टेकू लागतो, मुका मार लागला तरी काळंनिळं पडतं, सोबत बीपी-शुगर वाढलेली, तर डॉक्टरांना हे सगळं सांगा ताई, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे पट्टे वगैरे पुस्तकातली लक्षणं सौम्य केसमधे दिसत नाहीत.

अजून एक गोष्ट जी लोकांना पटत नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमधे टी-स्कोर (घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, म्हणतात, पण कॉर्टिसॉलवाल्या पेशंटचा स्कोर बरा असूनही मणका दबलेला निघू शकतो. म्हणून पाठीचा बाजूने एक्स-रे काढायचा का, किंवा जुन्या सीटीतच मणके परत बघता येतील का, हे विचारा. डेक्सा आमच्याकडे होत नाही.

आमच्याकडची टेस्ट अशी. डॉक्टरांनी लिहिलेली डेक्सामेथासोनची (हेही एक स्टिरॉइड) १ मिलिग्रॅमची गोळी रात्री ११ ते १२ मधे घ्यायची (०.५ ची मिळाली तर दोन), सकाळी ८ ते ९ मधे रक्त द्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल त्या गोळीने दबतं, १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर पुढचा तपास लागतो, नुसत्या आमच्या आकड्यावर आजार ठरत नाही. गोळी विसरलात तर तसं सांगा, उगाच हो म्हणू नका, रिपोर्ट वाया जातो. टीबीची रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या यांनी आकडा खोटा वाढू शकतो, पण आपल्या मनाने काहीच बंद करायचं नाही. भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी रात्रपाळी असेल तर आधीच सांगावं.

आणि गुडघेदुखीच्या त्या बिनानावाच्या पुड्या! त्यात स्टिरॉइड असेल तर गाठ नसतानाही हाडांचं असंच वाटोळं होतं. घेत असाल तर लाजू नका, सांगा, मात्र बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम सोडली तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरच कमी करतील.

गाठ काढल्यावर हाड सावकाश भरतं, वर्ष-दोन वर्षं धरून चला, पण दबलेला मणका परत उंच होत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या बाजूची ग्रंथी काही महिने झोपलेली असू शकते, तेव्हा दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून थांबवू नका.

सकाळी येताना डॉक्टरांची चिठ्ठी, जुना सीटी रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, आणि गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवरच लिहून ठेवा.