पार्श्वभूमी : लिव्हिंग विल ठेवायचं कुणाकडे?

या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो 'इच्छामरण' हा शब्द. भीष्मांना जो वर होता तो आपल्या वेळेने जाण्याचा. बाणांच्या शय्येवर पडूनही ते उत्तरायणाची वाट पाहू शकले. भारतात आज जे कायदेशीर आहे ते तसलं काही नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणं गुन्हाच आहे, मरणासाठी औषध लिहून देणंही. मान्य आहे ते इतकंच, की बरं होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटरसारखे जीव धरून ठेवणारे उपचार सुरूच करू नयेत किंवा थांबवावेत, आणि तशी आपली इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवता यावी. त्या कागदाला लिव्हिंग विल म्हणतात. बातम्यांचे मथळे मात्र २०११ पासून 'इच्छामरणाला परवानगी' असेच आहेत.

प्रायोपवेशन आणि संथारा या अन्न सोडून देह ठेवण्याच्या परंपरा जुन्या आहेत. पवनारच्या आश्रमात १९८२ साली अन्नपाणी आणि औषध सोडून झालेला विनोबांचा देहत्याग आजही अनेकांच्या आठवणीत असेल. पण कोर्टातली गोष्ट सुरू होते ती मुंबईत. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाने महापालिकेत स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर लावलेलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. त्याच निकालात, मरण जवळ आलेल्या माणसाला सन्मानाने जाता यावं असंही एक वाक्य होतं. पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं राहिलं.

परळच्या महापालिका रुग्णालयातली परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणालाच खिळली होती. तिच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात ७ मार्च २०११ ला फेटाळली गेली, कारण तिची इतकी वर्षं शुश्रूषा करणाऱ्या सहकारी परिचारिकांचा तिला विरोध होता. पण तिच्या निमित्ताने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट उघडली. ती स्वतः २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेली. एका स्वयंसेवी संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००५ पासून पडून होती, तिच्यावर ९ मार्च २०१८ ला निकाल आला आणि लिव्हिंग विलला मान्यता मिळाली.

आता त्या निकालातली खरी अडचण. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, हे ठीक. पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचीही सही हवी होती आणि एक प्रत त्याच्या कार्यालयात राहायची होती. वेळ आली की रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ, त्यावर जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं दुसरं मंडळ, दोन्हींत २० वर्षं अनुभव असलेले तज्ज्ञ, आणि शेवटी दंडाधिकाऱ्याने रुग्णाला प्रत्यक्ष भेटून होकार द्यायचा. तारखांवर तारखा पडणाऱ्या आपल्या कोर्टांत हे कोण करणार होतं? पाच वर्षं हा हक्क कागदावरच राहिला, यात मला तरी नवल वाटत नाही.

२४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने नियम सैल केले. दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल, ५ वर्षांचा अनुभव पुरेल, मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, दंडाधिकाऱ्याला फक्त कळवावं. कागद जपायला स्थानिक स्वराज्य संस्थेने एक अधिकारी नेमावा, हे २०१८ चं कलम मात्र कायम राहिलं. हाच तो कस्टोडियन. निकालपत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने सगळं त्याच्यावर अडतं. कारण लिव्हिंग विल खरं की खोटं हे डॉक्टरने त्याच्याकडच्या प्रतीवरून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीवरून पडताळायचं आहे. म्हणजे अधिकारी नेमून भागत नाही. तो कोण, कुठे बसतो, फोन उचलतो का, हे लोकांना आणि रात्रपाळीच्या आयसीयूला ठाऊक हवं.

मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि कस्टोडियन नेमले गेले नाहीत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. त्यानंतर नेमणुकांनी वेग घेतला. २०२३ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या मंडळावर सरकारी आरोग्य अधिकाऱ्याने एक डॉक्टर नेमायचा असतो, तो प्रश्नही याच सुनावण्यांत पुढे आला. गोव्यात ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींनी आपलं लिव्हिंग विल नोंदवलं आणि ते राज्यातलं पहिलं ठरलं. अशी जाहीर नोंद म्हणजे लोकांना नोंदणीची खिडकी दाखवून देणंच.

पारदर्शकतेची दुसरी बाजू आकड्यांची. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात डॉक्टरच्या मदतीने मरण्याचा कायदा १९९७ पासून अमलात आहे आणि तिथलं आरोग्य खातं दरवर्षी किती जणांना औषध लिहून दिलं, किती जणांनी ते घेतलं, हे नावांशिवाय छापतं. आपल्या २०१८ च्या निकालात नोंद उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीने डिजिटल स्वरूपात ठेवायची आणि कागदी प्रत मृत्यूनंतर ३ वर्षांनी नष्ट करायची, इतकी बारकाईची सूचना आहे. त्यातून वार्षिक गोषवारा काढायला मात्र कुणाला सांगितलेलं नाही. केंद्राने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये उपचार थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, तेव्हा डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने आक्षेप घेतला. कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ ला २०२३ च्या निकालाची अंमलबजावणी करणारं आपलं परिपत्रक काढलं.