पुस्तकात डोकं खुपसलं की माणूस घुमा होतो?

परवा कल्याण स्लोच्या लेडीज डब्यात एक कॉलेजातली मुलगी चौथ्या सीटवर जेमतेम टेकून कादंबरी वाचत होती. सोबतची मावशी तिला म्हणाली, "अगं, सारखं पुस्तकात डोकं खुपसून बसलीस तर घुमी होशील." घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य चुकीचं आहे, म्हणून हा लेख.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे एकाला एकाकीपणा सतावतो. पण एकटं असणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. ते खचाखच भरलेल्या लोकलमध्येही वाटतं. शिकागो विद्यापीठाचे जॉन कासिओपो एकाकीपणाची तुलना भुकेशी करत. माणसं हवीत, असं शरीर सांगत असतं. पंचाईत अशी, की एकाकी मेंदू सतत सावध असतो, साध्या चेहऱ्यातही त्याला नापसंती दिसते. मग ज्याला माणसांची भूक लागलेली असते, तोच माणसं टाळू लागतो.

कादंबरीतल्या पात्राशी असं सावध राहावं लागत नाही. ते आपल्याला नाकारू शकत नाही. तरी मेंदूला ते पोकळ वाटत नाही, ते का?

२००९ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वाचकांना एमआरआय यंत्रात झोपवून गोष्ट एकेक शब्द दाखवत वाचायला दिली. पात्राने वस्तू हाताळली की वाचकाच्या मेंदूतला हाताच्या हालचालींशी जोडलेला भाग जागा होई. पात्र दुसरीकडे गेलं की जागेचं भान ठेवणारा. म्हणजे 'त्याने स्टोव्हला पंप मारला' हे वाचताना आपला हात मांडीवरच असतो, मेंदू मात्र पंप मारण्याची जुळवाजुळव करतो. पात्राच्या मनात काय चाललंय हे ताडताना कपाळामागचा मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कामाला लागतो. खऱ्या माणसांचा आणि स्वतःचा विचार करतानाही हाच भाग वापरात असतो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात, ज्यांना जास्त एकाकी वाटत होतं त्यांच्या या भागात खरे मित्र आणि आवडत्या मालिकेतली पात्रं यांच्यातली सीमारेषा पुसट दिसली. तो अभ्यास मालिकेचा होता, पण कादंबरीत तर पात्राच्या मनातलं थेट ऐकू येतं. विशीच्या मध्यापर्यंत कपाळामागचा हा सगळा प्रदेश घडतच असतो, आणि त्या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत टिकाऊ ठरतात.

तरी 'कादंबरी वाचा, नैराश्य घालवा' असं सांगून शिबिरांची फी घेणाऱ्यांपासून लांब राहा. साहित्याची काही पानं वाचली की लगेच दुसऱ्याचं मन ओळखता येतं, असा २०१३चा गाजलेला निष्कर्ष इतरांनी पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. आजार असेल तर डॉक्टरच हवेत.

एकोणिसाव्या वर्षी मी परळला कॉट बेसिसवर राहत होते, दिवसचे दिवस कुणाशी बोलत नसे. तेव्हा वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीचा नायक असाच भाड्याच्या खोलीत राहायचा. कथानक आता धड आठवत नाही. स्टोव्हला पिन मारताना त्याच्या बोटांना लागलेला रॉकेलचा वास मात्र अजून येतो. माझ्या खोलीत स्टोव्ह नव्हताच, मी खानावळीत जेवायचे.