सुरकुती कोरावी की रंगवावी?

संगणकीय खेळातील एखाद्या वृद्ध योद्ध्याचा चेहरा जवळून दिसू लागला, की त्याच्या कपाळावरच्या आठ्या, गालावरचा व्रण आणि त्वचेची रंध्रे पाहून बहुतेकांची अशी समजूत होते, की हे सारे बारकावे मॉडेलमध्ये एकेक करून कोरलेले आहेत. प्रत्यक्षात पडद्यावर हलणारा तो चेहरा बराचसा गुळगुळीत असतो आणि आठ्या असतात त्याच्यावर गुंडाळलेल्या एका चित्रात. ते चित्र सुटे करून पाहिले, तर त्यात त्वचेचा रंगही दिसत नाही आणि सावलीही दिसत नाही. दिसते ती फिकट जांभळट निळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर गुलाबी-हिरवट छटांचे ओरखडे. या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात. डिजिटल पात्रनिर्मितीत चित्रकला आणि शिल्पकला यांची जी सांगड घातली गेली आहे, तिचा कणा माझ्या मते हेच चित्र आहे.

चित्रकार उंचवटा दाखवतो तो छायाप्रकाशाने. नाकाची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद केली, की सपाट कागदावर नाक उभे राहते. परंतु त्या छायेत प्रकाशाची दिशा कायमची गोठलेली असते. एखाद्या तसबिरीतील डोळे आपण जाऊ तिकडे आपल्याकडेच पाहतात, याला काही जण तसबिरीचे जागृतपण मानतात. समोर रोखून पाहणाऱ्या कोणत्याही सपाट चित्रात हेच घडते, कारण बुबुळ आणि पापणी यांची परस्परांतील जागा आणि त्यांच्यावरची छाया पाहणाऱ्याच्या हालचालीने बदलत नाही. खेळातील पात्राला मात्र मान वळवायची असते आणि मशालीजवळून चालत जायचे असते. त्याच्या गालावर सावलीच रंगवून ठेवली, तर दिवा दुसऱ्या बाजूला जाताच ती खोटी पडते.

यावरची तोड ज्या नियमात दडलेली होती, तो नियम योहान लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडला होता. खडूसारख्या न चकाकणाऱ्या पृष्ठभागाला किती उजेड मिळतो, हे पृष्ठभागाचा लंब (त्याच्याशी काटकोनात बाहेर येणारी रेषा, इंग्रजीत नॉर्मल) आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोनाच्या कोसाइनवर अवलंबून असते. कोन ०° असेल तर पूर्ण उजेड, ६०° असेल तर निम्मा आणि ९०° असेल तर शून्य. या सूत्रात पृष्ठभागाची उंची कोठेही येत नाही, येते ती केवळ लंबाची दिशा. आणि हे लक्षात आले तेव्हा मला या विषयाची गोडी लागली. संगणकीय चित्रणाचे अभ्यासक जिम ब्लिन यांनी १९७८ साली नेमके हेच हेरले. पृष्ठभाग जागचा न हलवता केवळ हिशेबातील लंब थोडा कलता केला, तरी डोळ्याला तेथे सुरकुती दिसते, हे त्यांनी दाखवून दिले.

नॉर्मल मॅपमध्ये लंबाची ही दिशाच रंगाच्या रूपाने लिहिलेली असते. आडवा कल लाल घटकात, उभा कल हिरव्या घटकात आणि पृष्ठभागातून बाहेर येण्याचे प्रमाण निळ्या घटकात साठवले जाते. दिशेचा प्रत्येक घटक −१ ते +१ या दरम्यान असतो आणि त्याचे रूपांतर ० ते २५५ या अंकांत केले जाते. सरळ बाहेर पाहणारा लंब म्हणजे (०, ०, १). त्याचा रंग होतो (१२८, १२८, २५५), आणि म्हणूनच सारे चित्र जांभळट निळे दिसते. व्रणाच्या उंचवट्याचा उजवा उतार ४५° कललेला असेल, तर त्याचा लंब (०.७१, ०, ०.७१) आणि रंग साधारण (२१८, १२८, २१८), म्हणजे गुलाबीकडे झुकणारा. आता उजवीकडून ४५° कोनात प्रकाश टाकला, तर उजव्या उताराला पूर्ण उजेड मिळतो, सपाट त्वचेला ०.७१ इतका आणि डाव्या उताराला शून्य. दिवा डावीकडे नेला, की दोन्ही उतारांचे आकडे आपोआप अदलाबदल होतात. येथे सावली रंगवलेली नसते, रंगवलेला असतो तो उतार.

हे रंग हाताने भरणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून कलावंत आधी शिल्प घडवतो. पिक्सॉलॉजिक कंपनीने १९९९ साली पुढे आणलेल्या झीब्रश या प्रणालीत चित्रातील प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर खोली, दिशा आणि पदार्थाचे गुणही दिलेले होते. त्यामुळे कुंचल्याचा फटकारा हाच मातीचा थर झाला. अशा प्रणालीत एक कोटीहून अधिक बहुभुजांचा, म्हणजे लहान सपाट तुकड्यांचा, चेहरा घडवता येतो. मग खेळात हलवण्यासाठी त्याचीच, समजा, पन्नास हजार त्रिकोणांची साधी प्रतिकृती तयार करतात. तिच्या प्रत्येक बिंदूतून एक काल्पनिक किरण तपशीलवार शिल्पापर्यंत सोडला जातो आणि किरण जेथे पोहोचतो तेथील लंब साध्या प्रतिकृतीच्या चित्रात नोंदवला जातो. कलावंत याला ‘बेक करणे’ म्हणतात.

या युक्तीची मर्यादा बाह्यरेषेवर उघडी पडते. चेहरा बाजूने पाहिला, तर नॉर्मल मॅपमधील उंचवटा कडेला उमटत नाही, कारण तेथे पृष्ठभाग खरोखरच सपाट असतो. म्हणून बाह्यरेषा बदलणारे नाक, हनुवटी, कान यांना खरा आकार द्यावा लागतो आणि उरलेले चित्रावर सोपवता येते. पेणच्या गणेशमूर्तिकारांना अशी विभागणी परिचित आहे. सोंड आणि पोट साच्यातून येतात, बुबुळे आणि पापण्यांच्या कडा मात्र आखणीच्या बारीक कुंचल्यातून येतात.

त्वचेचा रंग वेगळ्या चित्रात भरला जातो आणि तेथे नाकाखालची सावली टाळावी लागते, अन्यथा संगणकाने काढलेली आणि हाताने काढलेली अशा दोन सावल्या एकमेकींवर पडतात. चित्रकलेत तयार झालेल्या हाताला हा संयम जड जातो. उलट, आर्क सिस्टिम वर्क्स या जपानी कंपनीच्या ‘गिल्टी गिअर एक्झर्ड’ या २०१४ सालच्या खेळात कलावंतांनी पात्रांचे लंबच हाताने दुरुस्त केले, जेणेकरून सावलीची कड हाताने रेखलेल्या चित्रासारखी स्वच्छ पडावी. आकार त्रिमितीय ठेवून प्रकाशाला चित्रकाराच्या शिस्तीत बसवण्याचे हे काम मला फार मोलाचे वाटते.

नवशिक्यांची एक चूक येथे सांगितलीच पाहिजे. ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रणालीत नॉर्मल मॅपमधील हिरवा घटक वाढला, तर उतार वरच्या दिशेला आहे असे मानतात. अनरील इंजिन या खेळ बनवण्याच्या प्रणालीत नेमके उलटे मानतात. एकीकडचे चित्र न बदलता दुसरीकडे नेले, तर वरून पडणारा प्रकाश व्रणाच्या खालच्या उताराला उजळतो आणि गालावरचा व्रण खळग्यासारखा दिसतो. याचे कारण मेंदूत आहे. प्रकाश वरूनच येतो असे मेंदू गृहीत धरतो, हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक विलयानूर रामचंद्रन यांनी १९८८ साली छायांकित वर्तुळांच्या साध्या प्रयोगांतून दाखवले होते. चंद्रावरील विवरांचे छायाचित्र उलटे धरल्यावर विवरांचे फुगवटे होतात, तेही याचमुळे. उपाय मात्र शाळकरी वजाबाकीचा आहे. प्रत्येक हिरवा आकडा २५५ मधून वजा करायचा, की व्रण पुन्हा वर उठून दिसतो आणि त्यासाठी पन्नास हजार त्रिकोणांपैकी एकालाही जागचे हलावे लागत नाही.