झाडाखालचे गोल कवडसे आणि मोबाईलचा कॅमेरा

मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर झाडीतले फोटो येतात ना, नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान असो नाहीतर गंगापूर धरणाकडची झाडी, त्यातल्या निम्म्या फोटोंचं दुखणं एकच असतं. वर आभाळ पांढरंफटक, खाली पायवाट काळी आणि मधे उभ्या काकांच्या टकलावर उन्हाचा चट्टा. मग कोणीतरी म्हणतं फोन बदला. पण यात फोनचा दोष फार थोडा आहे.

उघड्यावर भर उन्हात उजेड साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो आणि दाट झाडीखाली तो दोनेक हजारांवर येतो, म्हणजे एकाच फ्रेममध्ये पन्नास पटींचा फरक. आपल्याला तो जाणवत नाही कारण डोळा एका जागी बघतच नाही, तो सारखा फिरतो, जिथे बघेल तिथलं जुळवून घेतो आणि मेंदू सगळं जोडून एक चित्र उभं करतो. कॅमेऱ्याला मात्र अख्ख्या फ्रेमसाठी एकच हिशोब धरावा लागतो. एचडीआर मोडमध्ये फोन पटापट तीन-चार फोटो काढून एकत्र करतो खरा, पण वारा सुटला की पानं मधल्या वेळात हलतात आणि शेंडे पुसल्यासारखे येतात. त्यापेक्षा स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा. अंधारा भाग नंतर एडिट करताना बऱ्यापैकी उजळता येतो, पण एकदा पांढरं पडलेलं आभाळ काही केल्या परत येत नाही.

सावलीत शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे हात हलला की फोटो गेला. वाट सपाट असेल तर तिचा फायदा इथे कळतो, डोंगर चढून धापा टाकत असताना हात स्थिर राहत नाही.

अजून एक भानगड म्हणजे हिरवेपणा. पानातलं क्लोरोफिल लाल आणि निळा प्रकाश जास्त खातं, हिरवा बराचसा सोडून देतं, त्यामुळे झाडाखाली उभ्या माणसाचा चेहरा फोटोत कावीळ झाल्यासारखा येतो. कॅमेऱ्यालाही हिरवा लाडका. 1976 मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायरला ज्या रंगीत चौकोनांच्या फिल्टरचं पेटंट मिळालं, तोच प्रकार आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असतो आणि त्यात निम्मे चौकोन हिरव्याचे, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या भागातच जास्त कळतात.

पण माझ्या मते झाडीतली सगळ्यात भारी गोष्ट पायाखाली असते. खाली पडलेले कवडसे नीट बघा, ते गोल असतात. वर पानांमधली फट तिरकी, तुटकी, कशीही असली तरी खाली गोलच, कारण ते फटीचे आकार नाहीतच, त्या सूर्याच्या प्रतिमा आहेत! बारीक फट पिनहोल कॅमेऱ्यासारखं, म्हणजे भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्यासारखं, काम करते. फट मोठी किंवा अगदी जवळ असेल तर मात्र तिचाच आकार दिसतो, म्हणून खालच्या झुडपांच्या सावल्या ठसठशीत असतात. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, अंतर 15 कोटी, म्हणजे गुणोत्तर साधारण 108. तेवढंच गुणोत्तर कवडशाची रुंदी आणि फटीपासूनचं अंतर यांत येतं. कवडसा 5 सेंटीमीटरचा असेल तर फट साधारण साडेपाच मीटरवर. सकाळी ऊन तिरकं असतं, कवडसा लंबगोल पडतो, तेव्हा त्याची कमी रुंदीची बाजू मोजायची. मिळतं ते किरणाच्या वाटेवरचं तिरपं अंतर, झाडाची उंची त्याहून कमी. आणि हो, 108 बघून जपमाळ आठवेल, पण हा आकडा नेमका नाही, वर्षभर थोडा वरखाली होतो.

याच कवडशांवर खालच्या रोपांच्या दिवसभराच्या उजेडाचा मोठा वाटा अवलंबून असतो, आणि फुलपाखरंही इथेच सापडतात. थंडीतल्या सकाळी त्यांचं अंग गार असतं, उडायचे स्नायू तापल्याशिवाय नीट उडता येत नाही, म्हणून ब्लू पॅन्सीसारखी फुलपाखरं जमिनीवर उन्हाच्या तुकड्यात पंख सपाट पसरून बसतात. तेव्हा हळू जायचं, खाली बसायचं आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, सावली पडली की ते गेलंच. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याचा उजेडाचा हिशोब, पंखावर धरला की मागची सावली आपोआप काळी होते, वेगळं काही करावं लागत नाही.

सूर्यग्रहणात हे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी आपल्याकडे खंडग्रास होतं, त्यात झाडाखाली कोरींचा सडा पडतो. आता पुढचं 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास दिसेल, पण नाशिकचा ऑगस्ट म्हणजे ढगच, त्यामुळे फार आशा धरू नका. चुकून ऊन पडलंच तर झाड शोधत बसायचीही गरज नाही, स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरली तरी जमिनीवर कोरी पडतात, फोटो त्यांचा काढायचा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, आणि फोनही तिकडे रोखायचा नाही.