माजोर्डा आणि मंगेशी: अँथनी गोन्साल्विस यांच्या संगीतामागचा इतिहास

१९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात पाश्चात्त्य धर्तीच्या एका मोठ्या वाद्यवृंदाने हिंदुस्थानी रागांवर आधारलेले संगीत सादर केले. वाद्यवृंद उभा करणारे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील माजोर्ड्याचे, आणि त्या उपक्रमातील गायक होते मन्ना डे आणि लता मंगेशकर. मंगेशकरांचे मूळ गाव मंगेशी हे फोंडा तालुक्यात, माजोर्ड्यापासून फार तर तासाभराच्या वाटेवर आहे. तरीही या दोन गावांच्या संगीताची गाठ पडायला मुंबई गाठावी लागली, आणि ती का लागली हे पाहिल्याखेरीज गोन्साल्विस यांनी काय आरंभले होते ते नीट उमगत नाही.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर घेतले आणि पुढे तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींमध्ये, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, धर्मांतर आणि देवळांचा विध्वंस सुरू झाला. कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे, श्रीमंगेशाचे दैवत १५६० मध्ये जुवारी नदीपलीकडे प्रियोळला हलवण्यात आले. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखाबरोबर, तो त्यांच्याकडे गेला तो अठराव्या शतकात. नदीच्या या एका ओलांडणीने गोमंतकाच्या संगीताचीही वाटणी झाली, असे मला वाटते.

अलीकडच्या तीरावर चर्चला जोडलेल्या शाळा आल्या. त्यांत मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर संगीत शिकवले जाई, आणि शिकवणाऱ्या मेस्त्रेकडे गावच्या गायनवृंदाची व सणावारांच्या संगीताची जबाबदारी असे. मूल आधी सोल्फेज शिके, म्हणजे पाच रेघांवरचे स्वर पाहताक्षणी म्हणायला शिके, आणि मग त्याच्या हाती रबेक येई. कोकणीत व्हायोलिनला आजही रबेक म्हणतात. खेड्यातले शेतकऱ्याचे किंवा तांडेलाचे पोर युरोपातल्या कोणत्याही वाद्यवृंदात बसून समोरचा कागद वाचू शकेल, अशी ही तालीम होती. गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते, त्यामुळे हे सारे त्यांना घरातच मिळाले.

पलीकडच्या तीरावर देवळांच्या आश्रयाने कलावंत समाजाने गाणे आणि लय जोपासली. तिथे कागद नव्हता. कानाने ऐकायचे, गळ्यात उतरवायचे आणि आयुष्यभर घोटायचे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, लयभास्कर म्हणून गाजलेले खाप्रूमामा पर्वतकर ही सगळी माणसे याच परंपरेतून वर आली. केसरबाई आणि मोगूबाई या दोघींनाही अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली.

दोन्ही तीरांमध्ये काहीच देवाणघेवाण नव्हती असे मात्र नाही. मातीच्या भांड्याला घोरपडीचे कातडे मढवून केलेले घुमट गणपतीच्या आरतीतही वाजे आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडो या कोकणी गीतप्रकारालाही साथ करी. पण घुमटाने जोडलेले हे नाते लोकसंगीताचे होते. शास्त्रोक्त संगीताच्या पातळीवर चर्चमधला गायनवृंद आणि देवळातला सभामंडप एकमेकांना अनोळखीच राहिले.

मग पोटापाण्यासाठी दोन्हीकडची माणसे मुंबईला आली. पणजीहून निघालेली आगबोट वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी अशी बंदरे घेत मुंबईला पोचे. त्याच बोटीतून गवई गेले आणि व्हायोलिनच्या पेट्या घेतलेले वादकही गेले. बोलपट आल्यावर स्टुडिओंना मोठे वाद्यवृंद हवे झाले आणि तिथे गोव्याच्या वादकांचे विशेष काम निघाले. संगीतकार चाल हार्मोनियमवर किंवा गळ्याने सांगत, कधी सरगम म्हणत. ती ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग स्वरलेखनात उतरवायचा, मधल्या जागा भरायच्या आणि पन्नास-साठ वादकांकडून थोड्याशा वेळात वाजवून घ्यायचे, हे अरेंजरचे काम होते. रेइश मागुशचे सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी हेच करत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या मंडळींची नावे बहुधा नसत, आणि ही उणीव मला अजूनही सलते, कारण ज्या गाण्यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या त्यांचा अर्धा नाद यांच्या लेखणीतून आलेला आहे.

गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास नौशाद यांच्या वादकांमध्ये व्हायोलिन वाजवू लागले. अनेक वादकांना रागसंगीत हा चाल देणाऱ्याचा प्रांत वाटत असे. गोन्साल्विस यांना मात्र त्याची ओढ लागली. राग हा सजावटीपुरता न घेता त्याच्यावर संपूर्ण रचना उभी राहू शकते का, हा त्यांचा प्रश्न होता. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागातला कन्सर्टो, म्हणजे एकल वाद्य व वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना, या त्यांच्या रचनांची नावेच तो प्रश्न सांगतात.

सारंगाचे उदाहरण घेतले तर अडचण किती खोल होती ते दिसते. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उभे राहतात, आणि त्या स्वरसंघांचा पाया म्हणजे षड्ज, गंधार, पंचम हे त्रिकूट. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या स्वरावर सारे विसावायचे, नेमक्या त्याच षड्जावर तो स्वरसंघ रचता येत नाही. गंधार घातला की राग गेला. पंचम, निषाद, ऋषभ हे त्रिकूट बसते, कोमल निषाद, ऋषभ, मध्यम हेही बसते, पण चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल असा निषादाचा नेम पाळायचा, तर वरची चाल चढते की उतरते यावर खालच्या स्वरांनी डोळा ठेवायला हवा. त्यात मींडेचा प्रश्न वेगळाच. एक गवई स्वरावरून स्वरावर घसरतो ते लिहून काढणे कठीण, आणि वीस व्हायोलिनांनी ते एकसारखे करणे त्याहून कठीण. ज्याचा हात रबेकवर आणि कान रागावर पक्का आहे, अशाच माणसाने हे अंगावर घ्यावे. गोन्साल्विस यांनी घेतले, आणि त्यासाठी पदरमोडीचा वाद्यवृंद काढला, ही गोष्ट मला त्यांच्या स्टुडिओतल्या कामाहून मोठी वाटते.

१९६० च्या दशकाच्या मध्याला ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा न रमता ते माजोर्ड्यालाच राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल शर्मा तोवर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून प्रसिद्धीस आले होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले आणि ते देशभर तोंडी झाले. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभ बच्चन यांच्याशी ते नाव कायमचे जोडले गेले, आणि सारंगातला कन्सर्टो ऐकलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

इकडे पणजीत १९५२ मध्ये अँतोनियु द फिगेरेदु यांनी पाश्चात्त्य संगीताची अकादमी सुरू केली होती. गोवामुक्तीनंतर ती कला अकादमीचा भाग झाली, आणि मांडवीकाठच्या त्याच संस्थेत हिंदुस्थानी संगीताचेही वर्ग भरू लागले. अँथनी गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी वारले. मुंबईहून रेल्वेने मडगावला येताना वेर्ण्यानंतर त्यांचे गाव लागते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत.